एजंट कोणाचा?

मंडळी, घर बघायला गेलं की एजंट हसून मुलाबाळांची चौकशी करतो आणि आपल्याला तो घरचाच वाटू लागतो. पण त्याला नेमतो विकणारा, कमिशन देतो विकणारा. न्यू साउथ वेल्सचा २००२ चा कायदा घ्या की व्हिक्टोरियाचा १९८० चा, त्याची बांधिलकी विकणाऱ्याशीच. आपल्याशी खोटं बोलायला त्याला बंदी आहे, पण आपले पैसे वाचवणं हे त्याचं काम नव्हे. तेव्हा बँकेने किती कर्ज मंजूर केलंय, ते त्याला सांगू नये. सही केल्यावर मन बदललं तर सहसा न्यू साउथ वेल्समध्ये ५ आणि व्हिक्टोरियात ३ कामाचे दिवस मिळतात, थोडा भुर्दंड सोसून. लिलावात मात्र एकही नाही. म्हणून आमचं सांगणं एवढंच, करारपत्र आधी आपल्या वकिलाला दाखवा, मगच लिलावात हात वर करा!