शेतकऱ्याच्या वाट्याची खुर्ची गेली कुठं?

मंडळी, विधान परिषदेत राज्यपालनियुक्त १२ जागा असतात. साहित्य, विज्ञान, कला, सहकार, समाजसेवा यातल्या जाणत्यांसाठी. १९७८ ला त्यातली एक ना. धों. महानोरांना मिळाली. अजिंठ्याजवळच्या पळसखेडचा शेतकरी कवी, कॉलेज अर्धवट सोडून रानात राबलेला. सभागृहात ते पाणी अडवण्यावर, फळबागेवर, कोरडवाहू शेतीवर बोलायचे. आणि बोलायचे ते स्वतःच्या शेतात करून बघितलेलं.

शरद पवारांशी त्यांची जवळीक होती, हे कुणी नाकारत नाही. पण तिथं बसून त्यांनी बाजू मांडली ती शिवाराची.

आणि आता? २०२० पासून ऑक्टोबर २०२४ पर्यंत बाराही जागा रिकाम्या. सरकार, राजभवन अन् कोर्ट यांच्यात घोळ. मग ७ भरल्या, त्याही तीन पक्षांनी वाटून घेतल्या : ३, २, २.

आपल्या बेंबळीच्या शिवारात पाऊस लांबला की सोयाबीन करपतं. ते कुठल्या पक्षाचं आहे हे बघून करपत नाही. मग त्याच्या वतीनं बोलणारा, तिकिटाला मिंधा नसलेला एक तरी माणूस तिथं नको का?

महानोर ३ ऑगस्ट २०२३ ला गेले. श्रद्धांजलीचे स्टेटस सगळ्यांनीच ठेवले. आता मतं मागायला येतील त्यांना एवढंच विचारा : पुढचा महानोर कोण?