मांड आवळून दुडकी बसत नाही

घोडेस्वारी शिकवणाऱ्यांच्या तोंडी एक हुकूम कायमचा बसलेला आहे. घोडा दुडकीवर आला की मांड आवळा, गुडघे खोगिराला चिकटवा. शिकणारा तरीही उडत राहिला तर त्याचे निदानही ठरलेले असते: मांड कच्ची, अजून आवळा. या मताला आपल्याकडे इतिहासाचा टेकू मिळतो. मराठी स्वाराची मांड पोलादी होती आणि त्या पकडीच्या जोरावर तो मुलूख तुडवत गेला, अशी समजूत आहे. १७४१ साली नागपूरकर भोसल्यांची फौज भास्करपंत कोल्हटकरांच्या हाताखाली छत्तीसगडातल्या रतनपुरावर आली, पुढल्याच वर्षी ती बंगालात उतरली, आणि छत्तीसगडचा हा मुलूख १८५४ पर्यंत भोसल्यांच्या राज्यात राहिला. आज त्याच मुलखात, रायपूरला लागून असलेल्या बीरगांव-उरलाच्या कारखानी पट्ट्यात, घोडा दिसलाच तर वरातीत दिसतो. वरातीचा घोडा दुडकीवर येत नाही (नवरदेवाचे नशीब), त्यामुळे पोलादी मांडीची समजूत तपासून पाहण्याची वेळही कोणावर येत नाही. माझे म्हणणे असे की हा हुकूम चुकीचा आहे, शिकणाऱ्याच्या उडण्याचे पहिले कारण तोच आहे, आणि त्याला दिलेला इतिहासाचा टेकूही उलट बाजूनेच साक्ष देतो.

आधी चाल समजून घेऊ. दुडकी ही दोन ठोक्यांची चाल आहे. डावा पुढचा आणि उजवा मागचा पाय एकदम पडतात, मग दुसरी तिरपी जोडी पडते, आणि दोन ठोक्यांच्या मध्ये क्षणभर चारही पाय हवेत असतात. असे ठोके मिनिटाला दीडशेच्या आसपास पडतात. दर ठोक्याला घोड्याची पाठ खाली जाऊन वर येते, शिवाय ज्या बाजूचा मागचा पाय पुढे झेपावत असतो ती बाजू किंचित खचते. म्हणजे स्वाराच्या बैठकीखालची जागा वर-खाली आणि डावी-उजवी अशी सतत सरकत असते. तिच्यावर टिकायचे तर स्वाराच्या शरीरात कुठेतरी तेवढीच हालचाल व्हावी लागते, आणि ती होण्याची जागा म्हणजे कंबर आणि खुब्याचे सांधे. मांडीचे आतले स्नायू आवळले की नेमका खुबाच जखडतो. गुडघा टेकू बनतो, पोटरी मागे सरकते, टाच वर येते, रिकीब सुटू लागते आणि बैठक वर ढकलली जाते. आंब्याची कोय चिमटीत जितकी जोराने दाबावी तितकी ती निसटते, तसे हे आहे. गोष्ट इथेच थांबत नाही. उडणारा स्वार तोल सावरायला लगामाला लोंबकळतो, घोड्याच्या तोंडात लोखंड रुतते, घोडा मान वर करून पाठ खोलगट आणि ताठ करतो, आणि ताठ पाठीची दुडकी आणखी आदळते. मग शिकवणारा पुन्हा ओरडतो की आवळा. ज्या दुखण्यावर हे औषध दिले जाते, ते दुखणे त्याच औषधाने वाढते.

आता इतिहासाचा टेकू. नागपूरहून निघालेले पथक दिवसचे दिवस खोगिरावर असे, हे खरे. पण यावरून पकडीचा सिद्धांत निघत नाही, तो मोडतो. मांडीचे स्नायू पूर्ण जोराने आवळून धरून पाहा. काही मिनिटांत ते थरथरू लागतात. धट्टाकट्टा माणूसही तशी पकड तासभर टिकवू शकत नाही, मग बारगिराने ती नागपूर ते रतनपूर कशी टिकवावी? जो दिवसभर बसतो तो आवळून बसत नाही, एवढाच निष्कर्ष त्या मजलांमधून काढता येतो. जुनी साक्ष हवी असेल तर ग्रीक सेनानी झेनोफनने ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात अश्वविद्येवर लिहिलेले पुस्तक आहे. रिकीब तेव्हा नव्हती, म्हणजे पकडीशिवाय गत्यंतर नाही असे म्हणायला उत्तम काळ. तोही सांगतो की खुर्चीवर बसल्यासारखे न बसता पाय फाकून उभे राहिल्यासारखे बसावे, आणि गुडघ्याखालचा पाय सैल लोंबता सोडावा. ताठ पाय कशावर आपटला तर मोडेल. मांडीने घोड्याला धरण्याचा उल्लेख त्याच्याकडे आहे, हे मी लपवत नाही. मांडीने घोड्याला लागून राहणे आणि त्याला पिळणे यांत फरक आहे, एवढेच माझे म्हणणे.

यावर एक जाणता आक्षेप येतो आणि तो घोड्यांच्या बाजारातून येतो. तापीकाठच्या सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोडे पारखणारे लोक रवाल चालीचे मोल जाणतात. त्या चालीत घोडा हवेत उसळत नाही, स्वाराची बैठक जागची हलत नाही. आपल्या लोकांनी चांगल्या चालीचा घोडा निवडला, दुडकीवर बसण्याची विद्या हवी कशाला, असा हा युक्तिवाद आहे. तो पारखी गिऱ्हाइकाचा आहे, स्वाराचा नाही. अशी मऊ चाल बऱ्याच अंशी जन्मजात असते. आइसलँडी घोड्यांसारख्या जातींमधल्या अशा चालींचा संबंध एका जनुकातल्या बदलाशी असल्याचे २०१२ साली दाखवले गेले. ज्या घोड्याला ती लाभलेली नाही तो दुडकीच करणार, आणि शिकणाऱ्याच्या वाट्याला बहुधा तोच येतो. घोड्याच्या गुणाने आपली बैठक सुधारत नाही.

पकडीचा पक्ष सोडणारे मात्र अनेकदा दुसऱ्या टोकाला जातात: शरीर सैल सोडा, सगळे आपोआप होईल. हेही खरे नाही. सैल सोडलेले शरीर पोत्यासारखे आदळते. चांगला स्वार निवांत दिसतो, कारण त्याच्या पोटाचे आणि पाठीचे स्नायू ठोक्यागणिक आवळतात आणि सुटतात. मांडीलाही थोडे काम असतेच. सुटणे हे त्या कामाचे अर्धे अंग आहे, आणि ‘आवळा’ म्हणणारा नेमके तेच हिरावतो. ही लय सांगून येत नाही, सरावाने येते, आणि सरावाची रीत जुनी आहे. व्हिएन्नाच्या स्पॅनिश रायडिंग स्कूलची परंपरा सोळाव्या शतकापासूनची. तिथे नवशिक्याला सुरुवातीचे कित्येक महिने लांब दोरीवर गोल फिरणाऱ्या घोड्यावर बसवतात, रिकिबीविना आणि लगामाविना. घोडा सांभाळण्याचे काम दोरी धरणारा करतो, शिकणाऱ्याने फक्त बसायचे. हे दोरीवर फिरवणे, म्हणजे लंजिंग, आपल्याकडेही माहीत आहे, पण ते बहुधा एक-दोन दिवसांत उरकतात. रिकीब काढून मोकळ्या मैदानात दुडकी लावणे मात्र शिक्षेसारखे वापरले जाते, आणि भ्यालेला माणूस आवळण्याखेरीज दुसरे काय करणार?

सर्वांत वजनदार आक्षेप मोजणीचा आहे. व्हिएन्नाच्याच पशुवैद्यक विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात घोड्याच्या पाठीवरचा भार बैठ्या दुडकीत सर्वाधिक भरला. ठोक्याआड उठबस करत केलेल्या दुडकीत तो थोडा कमी, आणि रिकिबीवर उचलून धरलेल्या बैठकीत बराच कमी. स्वाराची स्थिरताही बैठ्या दुडकीतच सर्वांत कमी निघाली. मग ती शिकायचीच कशाला? या आकड्यांतून बैठी दुडकी टाकून द्यावी असे निघत नाही, ती बेताने वापरावी असे निघते. उठबस आणि बैठी यांतला फरक थोडा आहे. खरी इजा आदळणाऱ्या स्वाराने होते. म्हणून लांब मजल, कोवळा घोडा किंवा न तापलेली पाठ असेल तर उठबसच करावी, आणि ती कमीपणाची मानू नये. पण बैठकीतून घोड्याशी बोलायचे, त्याला आखडून घ्यायचे किंवा आडवे चालवायचे, तर दर ठोक्याला त्याच्या पाठीशी लागून राहावे लागते. उठबशीत निम्मा वेळ ते नाते तुटलेले असते. २०२३ साली हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत मुंबईचा हृदय छेडा ज्या भारतीय संघात होता त्याने ड्रेसाजचे, म्हणजे घोड्याला अशाच सूक्ष्म इशाऱ्यांवर चालवण्याच्या प्रकाराचे, सुवर्ण जिंकले. १९८२ नंतर आशियाई स्पर्धांत घोडेस्वारीत भारताला मिळालेले ते पहिले सुवर्ण. त्या दर्जाच्या चाचण्यांत दुडकी बसूनच करायची असते.

वयाचा मुद्दा थोडक्यात. लहानपणी शिकले तरच जमते, ही समजूत पकडीच्या हुकुमाचेच पिल्लू आहे. लहान मुलाला आवळायला जोर नसतो, म्हणून त्याला लय लवकर सापडते. मोठ्याला जोर असतो आणि तो सगळा तो चुकीच्या जागी खर्च करतो. मोठ्याचा खुबा ताठ असतो हे मान्य, त्याला वेळ जास्त लागेल हेही मान्य. तेव्हा शिकवणाऱ्यांना विनंती एवढीच की ‘आवळा’ हा शब्द टाका, पहिले काही आठवडे शिकणाऱ्याच्या हातातून लगाम घ्या, त्याला दोरीवरच्या शांत घोड्यावर बसवा, आणि दुडकी एका वेळी अर्धी फेरीच द्या. उडायला लागला की घोडा कदमावर आणा, मग पुन्हा सुरू करा.