बाहुली घ्याल तर दोरीसकट घ्या

गेम डिझाईन शिकणाऱ्या कुठल्याही ग्रुपमध्ये 'या वेळी काहीतरी इंडियन करू या' असं ठरलं, की पुढच्या दहा मिनिटांत काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. कुणीतरी पिंटरेस्ट उघडतं. वारली झालं, मधुबनी झालं, आता उरलं काय? पपेट! पंधरा-वीस फोटो एका बोर्डवर जमा होतात. मोठे डोळे, सोनेरी दागिने, मागे लाल पडदा. मग कॅरेक्टरच्या अंगावर लाकडाचं टेक्स्चर चढतं, मनगटाला दोन दोऱ्या काढल्या जातात आणि शेवटच्या स्लाईडवर 'पारंपरिक बाहुल्यांपासून प्रेरित' असं लिहून सबमिशन होतं. गेम सुरू केला की ते कॅरेक्टर इतर कुठल्याही गेमसारखंच पळतं, हवेत डबल जंप मारतं, गुहेत शिरतं. दोऱ्या कुठेच अडकत नाहीत.

माझं भांडण त्या न अडकणाऱ्या दोऱ्यांशी आहे.

'अ जगलर्स टेल' नावाचा २०२१ चा एक जर्मन गेम आहे. जमलं तर खेळा, नाहीतर निदान कुणाचा तरी गेमप्ले बघा. त्यातली अ‍ॅबी ही सर्कशीतून पळालेली दोरीवरची बाहुली. तिच्या हातापायांच्या दोऱ्या थेट वर आभाळात गेलेल्या दिसतात. वाटेत डोक्यावर आडवी फांदी आली, की अ‍ॅबी तिच्याखालून जाऊ शकत नाही, कारण दोऱ्या फांदीला अडतात. आपल्याला साधा वाटणारा दरवाजा तिच्यासाठी भिंत असतो. प्रत्येक कोडं त्या दोऱ्यांमधून निघतं, आणि बाहुली चालवणारा जॅक वरून यमक जुळवत तिची गोष्ट सांगत राहतो. मुलगी स्वतंत्र व्हायला निघाली आहे आणि तिची गोष्ट मात्र दुसऱ्याच्या तोंडी आहे, हे कुणी संवादात समजावून सांगत नाही. ते तुमच्या अंगठ्याला कळतं. हा गेम फिल्म स्कूलमधल्या विद्यार्थ्यांच्या प्रोजेक्टमधून वाढला, हेही लक्षात ठेवा. म्हणजे 'त्यांच्याकडे बजेट असतं हो' हे उत्तर इथे चालणार नाही.

जपानमध्ये तयार झालेला 'पपेटिअर' २०१३ साली प्लेस्टेशन ३ वर आला. त्यातल्या कुतारोचं मुंडकंच सुरुवातीला उपटलं जातं. मग तो मिळेल ते मुंडकं लावून फिरतो, एका वेळी तीन मुंडकी बाळगतो, आणि तीच त्याची जीवनं. हे ऐकायला नुसता वेडेपणा वाटतो. पण जपानच्या बुनराकू बाहुल्यांमध्ये डोकं खरोखरच धडापासून वेगळं असतं; भूमिका बदलली की डोकं बदलतात. तिथे एक मोठी बाहुली तीन माणसं मिळून चालवतात. मुख्य सूत्रधाराकडे डोकं आणि उजवा हात, दुसऱ्याकडे डावा हात, तिसऱ्याकडे पाय. तीन माणसं, एक श्वास. को-ऑप गेमची याहून चांगली कल्पना मला तरी सुचलेली नाही. कुणी करणार असाल तर जरूर करा.

'प्रोजेक्शन : फर्स्ट लाईट' हा २०२० चा गेम सावल्यांच्या बाहुल्यांचा आहे. त्यातली ग्रेटा इंडोनेशिया, चीन, तुर्कस्तान अशा छायानाट्याच्या देशांमधून फिरते. दिवा तुमच्या ताब्यात असतो. दिवा सरकवला की वस्तूंची सावली लांबते, आखडते, आणि त्या सावलीवरून ग्रेटा चालत जाते. सावली हीच जमीन. कागदावर बघितलं तर हा गेम काळ्या आकृत्या आणि पिवळसर पडदा एवढाच आहे. पण त्यांनी छायाबाहुलीचा रंग उचलला नाही, तिचा कायदा उचलला.

इथेच मला जे म्हणायचं आहे ते येतं. बाहुलीचं रूप हे तिच्या अडचणींमधून आलेलं असतं. आंध्रातल्या तोलु बोम्मलाटाच्या बाहुल्या बघा. चांगल्या मोठ्या, रंगीत, चामड्याच्या. खांदा, कोपर, गुडघा असे सांधे वेगळे कापून गाठीने जोडलेले. चामडं अर्धपारदर्शक होईपर्यंत कमावलेलं असतं, म्हणून पडद्यावर सावलीसुद्धा रंगीत पडते. तुमच्यापैकी जे टू-डी रिगिंग करतात त्यांनी ती गाठ नीट बघावी. तुम्ही सॉफ्टवेअरमध्ये ज्याला पिव्हट म्हणता ती हीच. दंडाचा तुकडा खांद्याखाली किती सरकवून ठेवायचा, म्हणजे हात उचलल्यावर फट दिसणार नाही, हा प्रश्न तुम्हाला पडतो तसाच त्या कारागिरालाही पडतो. फक्त त्याला 'अनडू' नसतं. आफ्टर इफेक्ट्समधल्या टूललाही 'पपेट' हेच नाव आहे. आपण ते रोज क्लिक करतो आणि विसरतो.

उलट ओडिशाची रावणछाया बघा. हरणाच्या कातड्याच्या एकसंध बाहुल्या, सांधा एकही नाही, रंगही नाही. हात हलतच नाही म्हटल्यावर राग, शोक, प्रेम कसं दाखवणार? अख्खी बाहुली तिरकी करून, झटकन मागे घेऊन, किंवा नुसती स्थिर धरून. राम इतका तेजस्वी की त्याची सावली पडत नाही, म्हणून या खेळाला रावणाचं नाव, असंही सांगतात. 'लिम्बो' या गेमचा बाहुल्यांशी थेट संबंध नाही, पण त्यातला तो काळा मुलगा बघितला की मला रावणछाया आठवते. चेहरा दिसत नाही, तरी तो घाबरलाय हे कळतं. आता या दोन्ही परंपरांचे फोटो एकाच मूड बोर्डवर 'इंडियन शॅडो पपेट' म्हणून चिकटवले, तर काय हरवलं ते तुम्हीच सांगा.

आपल्या घराजवळचं उदाहरण घेऊ. 'राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक' हा २०२० चा गेम पुण्याच्या टीमने केला. आपल्या पुराणकथांवरचा गेम आपल्याच शहरातून निघून जगभर खेळला गेला, याचा मला मनापासून अभिमान आहे. त्यातली भावाला शोधणारी राजी, दुर्गा आणि विष्णूच्या तोंडून येणारं निवेदन, भिंतींवरची चित्रं, सगळं देखणं आहे. आणि गोष्ट पुढे नेणारे मधले प्रसंग छायाबाहुल्यांच्या शैलीत आहेत. तेच मला सगळ्यात जास्त आवडले, आणि माझी तक्रारही तीच आहे. बाहुली येते ती खेळ थांबल्यावर. कंट्रोलर पुन्हा हातात आला की राजी थ्री-डी योद्धा होते. पहिला गेम, छोटी टीम. त्यांच्याकडून याहून जास्त मागणं कदाचित अन्यायाचं आहे. पण पुढचा गेम करणाऱ्यांनी, म्हणजे तुम्ही, ते मागायला हवं.

आणि त्यासाठी आंध्रात किंवा जपानमध्ये जायची गरज नाही. कोकणकन्येने कुडाळला उतरा. तिथून जवळच पिंगुळी आहे. तिथल्या ठाकर समाजाने तीन गोष्टी सांभाळल्या आहेत : कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या बाहुल्या आणि चित्रकथी. चित्रकथीत सुट्या चित्रांच्या पोथ्या असतात. एकेक चित्र समोर धरायचं, त्या प्रसंगाची कथा गाऊन सांगायची, आणि चित्र बाजूला ठेवून पुढचं घ्यायचं. कधीकाळी सावंतवाडीकरांचा राजाश्रय होता. तो गेल्यावर ही कला तगली ती काही घरांच्या हट्टावर. त्यातले परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्याकडचं संग्रहालय उभं राहिलं ते गुरांच्या गोठ्यात. आपण मात्र 'कळसूत्री बाहुली' हा शब्द वापरतो तो पुढाऱ्यांना चिडवायला. 'पपेट' म्हटलं की तात्या विंचू आठवतो, आणि गाडी तिथेच थांबते. (तात्या विंचू घडवणारे रामदास पाध्ये हे फार मोठे कलावंत आहेत, त्याबद्दल वाद नाही.)

आता अवघड भाग. पिंगुळीचा एखादा फोटो उचलून तुम्ही तुमच्या गेममध्ये टाकलात, किंवा एआयला 'या स्टाईलमध्ये शंभर कॅरेक्टर दे' असं सांगितलंत, तर तुम्हाला कोण अडवणार? बहुधा कुणीच नाही. आपल्याकडे कॉपीराईट असतो कुणा एका कर्त्याच्या कृतीवर, त्याच्या हयातीत आणि नंतर ६० वर्षं. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या शैलीला असा एक नावाचा मालक नसतो. त्यामुळे कायद्याच्या नजरेत ती शैली जवळजवळ मोकळं कुरण. एखाद्या परदेशी स्टुडिओचा टेक्स्चर पॅक आपण निमूट पैसे भरून घेतो, कारण तिथे 'बाय' असं बटण असतं. पिंगुळीच्या बाहुलीवर बटण नाही, म्हणून ती फुकट?

'कला सगळ्यांची असते, देवाणघेवाणीतूनच ती वाढते' असं यावर हमखास ऐकू येतं. मान्य. पण देवाणघेवाणीत 'देवाण' पण असते ना? मला इथे शहरातल्या मुलांना गेट बंद करायचं नाहीये. तसं झालं तर ती कला काचेच्या कपाटात जाईल आणि आपण सगळे वाईट वाटून घेऊन मोकळे होऊ. बाहुल्यांचे कलावंत स्वतः इतके सोवळे नसतात. रामायणाच्या बाहुल्यांशेजारी ते जनजागृतीच्या नव्या विषयांचे खेळही करतात. गेमसाठी काम करायला ते नाही म्हणतील असं आपण आधीच का धरून चालायचं? तुमच्या प्रोजेक्टच्या बजेटमध्ये म्युझिक, फॉन्ट, अ‍ॅसेट अशा ओळी असतात. त्यात एक ओळ 'बाहुलीकाराचं मानधन' अशी घाला. क्रेडिट्समध्ये 'स्पेशल थँक्स'च्या गर्दीत नको, 'अ‍ॅनिमेशन'खाली नाव येऊ द्या. कारण दोरी कधी सैल सोडायची आणि कधी ताणायची, हे ज्याला हाताने कळतं तो तुमच्या टीममधला सगळ्यात अनुभवी अ‍ॅनिमेटर आहे.

फायदा तुमचाच जास्त आहे, हेही सांगून टाकतो. फोटोवरून तुम्हाला दागिने कळतात, वजन कळत नाही. लाकडी बाहुलीचं धड थांबलं तरी हात पुढे झुलतो आणि मग उशिरा खाली येतो. पाय जमिनीला टेकतात पण जमिनीवर भार टाकत नाहीत, म्हणून तिची चाल अशी तरंगती. हे बाजारातल्या रेडीमेड वॉक सायकलमध्ये मिळणार नाही. त्यासाठी बाहुली हातात घ्यावी लागते आणि तिची दोरी दोन-चारदा गुंतवावी लागते.

चामड्याच्या बाहुलीचा तर एकच गुण घ्या. ती पडद्याला चिकटून धरली की सावली बाहुलीएवढी आणि रेखीव पडते. दिव्याकडे नेली की सावली राक्षसासारखी वाढते, पण कडा विरघळत जातात. आता असा बॉस फाईट विचारात घ्या की रावण मोठा होऊ शकतो, पण जितका मोठा होईल तितका पुसट होत जाईल. त्याचा वार अख्ख्या पडद्यावर पसरेल, पण त्यात जोर उरणार नाही. तो पडद्याजवळ आला की छोटा, धारदार, जीवघेणा. आणि दिवा खेळणाऱ्याच्या हातात. हेल्थ बार लागणारच नाही, कारण सगळं सावलीतच दिसतंय.

करून बघायला इंजिन उघडू नका. पांढरी चादर, पुठ्ठ्याचा रावण आणि अंधारी खोली एवढं पुरे. आधी मोबाईलचा टॉर्च लावा, मग पणती. टॉर्चची सावली कितीही मोठी केली तरी बरीचशी कडक राहते. पणतीची मऊ होते, आणि सतत थोडी हलत असते, जणू रावण श्वास घेतोय. पणती चादरीपासून लांब ठेवा, आणि चादर आईला विचारून घ्या.