दान कसलं डोंबलाचं?

‘पदवीदान’ या शब्दावरच माझा पहिला आक्षेप आहे. वर्षानुवर्षं फी आम्ही भरली, परीक्षा आम्ही दिल्या, आणि पास झाल्यावर पदवीसाठी पुन्हा अर्ज करून पुन्हा पैसेही आम्हीच मोजले. आता दान कुणी कुणाला केलं, बोला!

त्यातून तो काळा झगा. मुंबई विद्यापीठ १८५७ साली निघालं ते लंडनच्या धर्तीवर; १८६२ साली रानडे-भांडारकर तिथले पहिले बी. ए. झाले. तेव्हा झगा साहेबाचा, राज्यही साहेबाचं. पण १९४७ साली साहेब गेला तो झगा इथेच विसरून! २०१० साली भोपाळला जयराम रमेश या केंद्रीय मंत्र्यांनी भर समारंभात झगा उतरवला, तेव्हा मी घरात एकट्याने टाळ्या वाजवल्या.

मी स्वतः समारंभाला गेलोच नाही. पदवी पोस्टाने आली. तीत नेमकं अण्णांचंच नाव चुकलेलं. दुरुस्तीला? अर्थात, पुन्हा अर्ज, पुन्हा फी.

सातवीत शाळा सुटलेले अण्णा म्हणाले, “नावाचं राहू दे रे. झग्यातला फोटो कुठाय?”

गेलो मुकाट्याने फोटो स्टुडिओत. तिथे खुंटीवर गावातल्या समस्त पदवीधरांचा मिळून एक झगा होता. कमरेवरचाच फोटो, त्यामुळे खालचा लेंगा खपून गेला.

झग्याविरुद्ध मी आजही कुठेही भाषण ठोकायला तयार आहे. फक्त आमच्या घरी नको. विठोबाच्या तसबिरीशेजारी अण्णांनी स्वतः ठोकलेला खिळा अजून तिथेच आहे, आणि फोटोही.