खुरपे आणि लेखणी

निवासी शाळेच्या आवारात विद्यार्थ्यांनी भाजीपाल्याचा एक लहानसा वाफा करावा, अशी सूचना पालकसभेत निघाली की काही चेहरे खुलतात आणि काही गंभीर होतात. गंभीर होणाऱ्या पालकांचे म्हणणे थोडक्यात असे असते : पोटाला चिमटा घेऊन आम्ही मुलांना येथे ठेवले ते लेखणी धरण्यासाठी, खुरपे तर आमच्या हाती पिढ्यान्‌पिढ्या होतेच. हा आक्षेप अज्ञानातून आलेला नाही, इतिहासातून आलेला आहे. वाफ्याचा पुरस्कार करणाऱ्याने त्याला आधी उत्तर दिले पाहिजे. माझे मत वाफ्याच्या बाजूचे आहे. मात्र तो कशासाठी, कोणाच्या श्रमाने आणि केवढा, हे आधी ठरले पाहिजे.

आपल्या समाजाचा मातीशी संबंध मालकीचा थोडा आणि राबणुकीचा फार राहिला. महार वतनाच्या जमिनीच्या तुकड्यापोटी अख्ख्या कुटुंबाला रात्री-अपरात्री गावकीची आणि सरकारची कामे करावी लागत. या दास्याविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले; कनिष्ठ ग्रामवतने कायद्याने रद्द व्हायला १९५८ साल उजाडले. त्यानंतर १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४-६५ मध्ये दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचे सत्याग्रह झाले आणि हजारो स्त्री-पुरुषांनी तुरुंगवास पत्करला. त्यांची मागणी काय होती, हे लक्षात घेण्याजोगे आहे. त्यांना कसायला जमीन हवी होती. ज्यांनी दुसऱ्यांच्या बांधावर आयुष्य काढले, त्यांनीच मातीवरचा हक्क मागितला. अपमान मातीत नव्हता. तो सक्तीत आणि परक्या मालकीत होता.

म्हणूनच शाळेतील वाफ्याला काही अटी घालणे आवश्यक आहे. शिक्षा म्हणून कोणाही विद्यार्थ्याला तेथे पाठवू नये. शिक्षक आणि वसतिगृहाचे अधीक्षक यांनीही पाळीप्रमाणे पाणी घालावे, तण काढावे. मुलींनी निवडावे आणि मुलांनी खणावे, अशी वाटणी नसावी. सकाळच्या अर्ध्या तासापलीकडे वेळ जाऊ नये आणि परीक्षेच्या काळात काम मोठ्यांनी सांभाळावे. उत्पन्न भोजनालयातच जावे आणि त्याची नोंद फलकावर लिहिली जावी. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेच्या वसतिगृहांत सर्व जातींची मुले एकत्र राहत, एकत्र जेवत आणि एकत्र श्रम करीत. त्या श्रमांची प्रतिष्ठा या ‘एकत्र’ शब्दात होती. तो शब्द वगळला, तर कमवा आणि शिका ही योजनाही वेठीसारखी भासेल.

काही उपासक धम्माच्या अंगाने शंका घेतात. विनयानुसार भिक्खूने जमीन खणणे आणि वनस्पती तोडणे निषिद्ध आहे, हे खरे. पण तो नियम भिक्खूंसाठी आहे, गृहस्थ उपासकांसाठी नाही. सुत्तनिपातातील कसिभारद्वाज सुत्तात नांगरणी-पेरणी करणारा ब्राह्मण तथागतांना विचारतो, की मी कष्ट करून खातो, तुम्ही काय करता? तेव्हा तथागत शेतीला हीन लेखत नाहीत. आपल्या साधनेचे वर्णन ते बी, पाऊस आणि नांगर अशा शेतकऱ्याच्याच शब्दांत करतात. राहिला किडींचा प्रश्न. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांतील भेद दाखविला आहे. मुळ्याच्या पानावर मावा दिसताच विषारी औषध फवारायचे, की आधी पाण्याचा फवारा व पाच टक्के निंबोळी अर्क वापरून पाहायचा, हा निर्णय मुलांनी चर्चा करून घेतला, तर पहिल्या शीलाचा पाठ वाफ्यावरच होईल.

आता आकाराविषयी. नवशिक्यांची बाग बहुधा उत्साहाच्या अतिरेकाने बुडते. अर्धा गुंठा खणला जातो, दहा प्रकारचे बी पडते आणि महिन्याभरात तण माजते. पहिल्या वर्षी चार फूट रुंद व दहा फूट लांब असे दोनच वाफे पुरेत. रुंदी चार फूट एवढ्यासाठी, की दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोहोचतो. आत पाय ठेवावा लागत नाही आणि भुसभुशीत माती दबत नाही. जागा दिवसाचे सहा तास ऊन मिळणारी आणि पाण्याच्या टाकीजवळची असावी. एक वीत खोल खणून, ढेकळे फोडून, प्रत्येक वाफ्यात दोन-तीन घमेली शेणखत मिसळावे. ते पूर्ण कुजलेले हवे. कच्च्या खताबरोबर हुमणी आणि वाळवी येते.

आरंभ जूनमध्ये करण्याचा मोह टाळावा. मुसळधार पावसात कोवळी पालेभाजी कुजते, तण आवरत नाही आणि त्यातूनही जे तगते ते दिवाळीच्या सुटीत पाण्यावाचून वाळते. निवासी शाळेचे वेळापत्रक पाहता सुटी संपल्यानंतरचा थंडीचा काळच सर्वांत अनुकूल. तेव्हा मेथी, पालक, मुळा आणि कोथिंबीर घ्यावी. मेथी पंचवीस ते तीस दिवसांत काढणीस येते, मुळ्याला साधारण दीड महिना लागतो. धणे हलके रगडून त्यांच्या दोन फाकी कराव्यात आणि रात्रभर भिजवून पेरावेत. ते उगवायला आठ-दहा दिवस किंवा त्याहूनही अधिक घेतात. बी वाया गेले असे समजून पुष्कळ जण त्याच सुमारास वाफा उकरतात! सगळे बी एकदम न पेरता दर दहा-बारा दिवसांनी एकेक पट्टा पेरावा, म्हणजे भाजी एकाच आठवड्यात येऊन संपत नाही. पाणी घालण्यापूर्वी बोट मातीत खुपसून पाहावे; आत ओल असेल तर थांबावे. नवशिक्यांची रोपे तहानेपेक्षा अतिपाण्याने अधिक मरतात. वांगी, टोमॅटो यांची रोपे आधी तयार करावी लागतात आणि त्यांवर रोगही अधिक येतात. ती पुढच्या वर्षासाठी ठेवावीत.

एवढ्या वाफ्यांतून भोजनालयाचा खर्च भागेल, असे कोणी सांगू नये. दोनशे मुलांच्या एका वेळच्या भाजीलाही हे उत्पन्न पुरणार नाही. लाभ वेगळा आहे. पेरणीची तारीख, उगवणीचे दिवस, किती बियांपैकी किती उगवली, कोणत्या दिवशी कीड दिसली, याची वही मुलांनी ठेवली, तर निरीक्षण, टक्केवारी आणि कार्यकारणभाव पुस्तकाबाहेर येऊन उभे राहतात. खुरपे आणि लेखणी येथे एकमेकांच्या विरोधात राहत नाहीत. ज्या हातांना पूर्वी फक्त राबण्याची मुभा होती, ते हात आता राबतात, मोजतात, लिहितात आणि निष्कर्षही काढतात. हे स्थित्यंतर लहान नाही.

माजी विद्यार्थी आपल्या शाळेला संगणक देतात, ग्रंथ देतात. त्याबद्दल कृतज्ञता आहेच. त्यांतील जे कृषी खात्यात, बँकेत किंवा स्वतःच्या शेतात आहेत, त्यांनी दिवाळीनंतर एक रविवार द्यावा आणि मुलांबरोबर वाफा आखावा. पालकांना विनंती एवढीच, की वरील अटी पाळल्या जातात की नाही, हे त्यांनी स्वतः येऊन तपासावे. अटी मोडल्या तर वाफा बंद करण्याचा अधिकार पालकसभेला असावा. आपल्या पूर्वजांना श्रम नाकारण्याचा अधिकार कधीच नव्हता. तो अधिकार हाती असताना आपली मुले खुशीने खुरपे उचलतील, तर त्या श्रमाला वेठ म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही.