राहून गेलेल्या नऊ धावा

दौंड हे रेल्वेचे गाव. तेथील काय किंवा शिरूरचे काय, निवृत्त रुग्णांचा रक्तदाब मोजून होईपर्यंत नोकरीत राहून गेलेली एखादी गोष्ट हमखास निघते. हुकलेली बढती, न मिळालेली बदली. सोबतची सून किंवा मुलगा हळूच म्हणतो, "डॉक्टर, घरीही दिवसभर हेच चालू असते."

अशा वेळी मला भाऊसाहेब निंबाळकर आठवतात. डिसेंबर १९४८ मध्ये पूना क्लबच्या मैदानावर काठेवाडविरुद्ध रणजी सामन्यात महाराष्ट्राकडून खेळताना ते ४४३ धावांवर नाबाद होते. ब्रॅडमन यांच्या ४५२ या तेव्हाच्या जागतिक विक्रमाची बरोबरी करण्यास अवघ्या नऊ धावा हव्या होत्या. मात्र महाराष्ट्राच्या ४ बाद ८२६ धावा झालेल्या पाहून काठेवाडच्या कर्णधाराने सामनाच सोडून दिला. त्या नऊ धावा कायमच्या राहिल्या.

आजही भाऊसाहेबांविषयी बोलणारे बहुधा एवढेच सांगतात, आणि मला तो त्यांच्यावर अन्याय वाटतो. महाराष्ट्र, बडोदा, होळकर, मध्य भारत, राजस्थान आणि रेल्वे अशा सहा संघांकडून हा गृहस्थ सुमारे पंचवीस वर्षे प्रथम श्रेणीचे क्रिकेट खेळला. फलंदाजी तर केलीच, शिवाय चेंडू टाकले, प्रसंगी यष्टिरक्षणही केले. बारा शतके आणि ४७ हून अधिक सरासरी असूनही अधिकृत कसोटीची टोपी मात्र मिळाली नाही. २०१२ च्या डिसेंबरात कोल्हापूर येथे ते निवर्तले, तेव्हा त्र्याण्णवावा वाढदिवस एका दिवसावर आला होता.

आपल्या घरातील वडीलधारेही पुष्कळदा त्या 'नऊ धावां'पाशीच थांबलेले असतात. "जाऊ द्या ना आता" म्हटल्याने ते पुढे सरकत नाहीत. त्याऐवजी उरलेल्या कारकिर्दीविषयी विचारावे : पहिली नेमणूक कोठे होती, रात्रपाळीत जेवणाचे काय करीत होता, हाताखाली कोण तयार झाले? उत्तर ऐकताना हातातला मोबाईल बाजूला ठेवावा, हेही सांगावे लागते!

जुनी खंत बोलून दाखवणे हा आजार नव्हे. परंतु सलग दोन आठवडे मन उदास असेल, झोप व भूक कमी झाली असेल, आवडीच्या गोष्टी नकोशा वाटत असतील, तर ते नैराश्य असू शकते. त्यास 'वयोमानाने व्हायचेच' म्हणून सोडू नये. त्यावर उपचार आहेत. सांगितलेली गोष्ट सांगितल्याचेच तासाभरात आठवत नसेल, नेहमीचा रस्ता किंवा पैशांचा हिशेब चुकू लागला असेल, तर स्मरणशक्तीची तपासणी करावी. त्यासोबत थायरॉइड, बी-१२ जीवनसत्त्व आणि श्रवणशक्तीही तपासून घ्यावी, कारण यांतील दोष पुष्कळदा सुधारता येतात. आणि "आता जगून काय करू" असे शब्द कानी आले, तर त्या व्यक्तीस एकटे न ठेवता त्याच दिवशी डॉक्टरांकडे आणावे.