कोऱ्या चहाला कमीपणा कसला?

डहाणू तालुक्यातल्या विवळवेढ्याच्या महालक्ष्मीची जत्रा चैत्र पौर्णिमेला सुरू होते आणि पंधरा दिवस चालते. मुंबई-अहमदाबाद महामार्गालगतच्या टपऱ्यांवर तेव्हा दुधाचा, आल्याचा, वेलचीचा चहा दिवसरात्र उकळत असतो. महामार्ग सोडून पाड्यांकडे वळलं की चहा बदलतो. पेल्यात येतो तो तांबूस-काळा कोरा चहा. जमलं तर त्यात दारातल्या गवती चहाची पात असते, आणि पेला हातात देताना घरची बाई हमखास म्हणते, "दूध नाय, कोराच हाय. चालंल ना?"

या विचारण्यातला संकोच मला खुपतो. तालुक्याच्या गावातून, मुंबईतून येणाऱ्या आपल्यासारख्यांनीच तो तिच्या मनात पेरला आहे. दुधाचा चहा म्हणजे पाहुणचार आणि कोरा म्हणजे गरिबी, असं आपण ठरवून टाकलं. खरं तर जगाच्या मोठ्या भागात काळा चहा दुधाविनाच पितात. चहाच्या पानाची चव कळते तीही कोऱ्या चहातच.

पानं खुडली की आधी सुकवून मऊ करतात, मग चुरडतात. चुरडलेल्या पानाला हवा लागली की त्यातली द्रव्यं रंग बदलतात. कापलेलं वांगं काळं पडतं, त्यामागेही हीच क्रिया असते. योग्य वेळी पान भट्टीत वाळवून ती क्रिया थांबवायची, की झाला काळा चहा. त्याचा लालसर झळाळ आणि जिभेवरचा चटका थिआफ्लेविन या द्रव्यामुळे येतो, गडद रंग आणि भरीवपणा थिआरुबिजिन या द्रव्यामुळे. आसामच्या चहाला माल्टसारखी जड, उबदार चव असते. दार्जिलिंगच्या उन्हाळी तोडणीत पिकलेल्या द्राक्षाचा वास येतो. निलगिरीचा चहा स्वच्छ, हलका, फुलांच्या वासाचा. दूध-साखर-आलं एकत्र उकळलं की हे सगळे फरक पुसले जातात. आपल्या किराणा दुकानात मिळते ती दाणेदार सीटीसी पावडर. झटपट कडक उतरावी म्हणूनच ती तशी बनवलेली असते. पण तिचाही कोरा चहा उत्तम होतो. पद्धत मात्र बदलायला हवी.

इथेच बहुतेकांचं चुकतं. दुधाच्या चहासारखी पावडर खळाखळा उकळली की कोरा चहा कडू, तुरट होतो, आणि मग लोक म्हणतात, कोरा चहा घशाखाली उतरत नाही. दुधातलं केसिन हे प्रथिन चहातल्या टॅनिनला धरून ठेवतं, त्यामुळे दुधाच्या चहात तो तुरटपणा झाकला जातो. कोऱ्याला तो आडोसा नाही. म्हणून पाणी आधी उकळायचं, गवती चहा घालायचा असेल तर याच वेळी, मग विस्तव बंद करून पावडर टाकायची, दोन-तीन मिनिटं झाकायचं आणि गाळायचं. माणशी एक छोटा चमचा, तोही सपाट. लिंबू पिळायचं असेल तर कपात. आंबट पडताच रंग सोनेरी होतो. मुलांना हे जरूर दाखवा. चहा न उकळण्याचा हा सल्ला नवा नाही. गांधीजींनी पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असताना 1942 मध्ये आरोग्यावर पुस्तक लिहिलं. त्यात त्यांनी चहा उकळण्याला टॅनिनमुळेच विरोध केला आहे. प्यायचाच तर गाळणीतल्या पानांवर उकळतं पाणी ओतून, गवताच्या काडीच्या रंगाचा घ्या, असं ते सांगतात.

आपल्या डहाणूला कोऱ्या चहाचा आणखी एक धागा जोडलेला आहे. इथल्या चिकूच्या वाड्या उभ्या करण्यात इराणी झरतुष्ट्री कुटुंबांचा मोठा वाटा आहे. ज्या इराणातून ती आली, तिथे चहा काळाच पितात, बहुधा काचेच्या छोट्या पेल्यातून. साखर चहात न घालता तिचा खडा दातात धरायचा आणि वरून घोट घ्यायचा. विसाव्या शतकाच्या तोंडावर काशेफ अल-सल्तनेह या इराणी मुत्सद्द्याने भारतातून चहाची रोपं नेऊन कॅस्पियन किनाऱ्याजवळच्या लाहिजानला लावली, त्यातून इराणची चहाशेती उभी राहिली. इकडे मुंबईत इराण्यांच्या हॉटेलांनी मात्र दाट दुधाचा चहा प्रसिद्ध केला. खडा दातात धरायची ती रीत आपल्याला सहज उचलता येईल. बिनसाखरेचा कोरा चहा घ्या आणि बरोबर घोलवडच्या चिकूची वाळवलेली फोड ठेवा. या चिकूला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्याची खोल गोडी आणि चहाचा तुरटपणा यांची जोडी मला कुठल्याही बिस्किटापेक्षा सरस वाटते.

स्वयंपाकातही काळा चहा कामाला येतो. छोले शिजवताना चहाची पुरचुंडी टाकली की चणे गडद होतात आणि रश्शाला तुरटशी खोली येते. मनुके, खजूर गरम कोऱ्या चहात भिजवून केकमध्ये घातले तर ते मऊ राहतात. चीनमध्ये उकडलेल्या अंड्याला तडे देऊन ते चहा-मसाल्याच्या पाण्यात मुरवतात, आत सुंदर नक्षी उमटते.

आता तब्येतीचं. ब्रिटनमधल्या जवळपास पाच लाख लोकांचा सुमारे अकरा वर्षं मागोवा घेतलेला अभ्यास 2022 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातले बहुतेक काळा चहा पिणारे होते. रोज दोन किंवा अधिक कप पिणाऱ्यांमध्ये मृत्यूचा धोका 9 ते 13 टक्के कमी दिसला, मग त्यात दूध-साखर असो वा नसो. अशा पाहणीवरून चहानेच आयुष्य वाढलं असं सिद्ध होत नाही, पण बेताने चहा पिणाऱ्याला घाबरण्याचं कारण नाही, एवढं नक्की. मात्र 65 अंशांवरचं कढत पेय अन्ननलिकेच्या कर्करोगाला निमंत्रण देऊ शकतं, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 2016 मध्ये सांगितलं आहे. फुंकर घाला, थांबा, मग प्या. आणि पेल्यात तीन-तीन चमचे साखर पडत असेल, तर चहाच्या गुणांची चर्चाच नको.

आपल्या भागासाठी सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा लोहाचा आहे. लोखंडी भांड्यात चहा ठेवला तर तो काळाकुट्ट होतो, कारण चहातली द्रव्यं लोहाला धरतात. पोटातही तेच घडतं. नागली, डाळी, पालेभाज्या यांतलं लोह चहामुळे नीट अंगी लागत नाही. जेवणाबरोबर चहा घेतला तर त्याचं शोषण निम्म्याहूनही खाली येऊ शकतं. दूध घालून हा दोष जात नाही. महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक बायकांच्या अंगात रक्त कमी आहे, हे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीने 2019-21 मध्ये नोंदवलं. अशा वेळी सकाळी नागलीची भाकर कोऱ्या चहात बुडवून खाण्याची सवय महागात पडते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 च्या मार्गदर्शिकेत जेवणाआधी आणि नंतर किमान एक तास चहा-कॉफी टाळायला सांगितलं आहे. अंगणवाडीत गरोदर बायकांना अमृत आहार योजनेचं गरम जेवण मिळतं. त्यावर लगेच चहा घेतला, तर त्या ताटातलं बरंच लोह वाया जातं. लोहाची गोळीही चहाबरोबर घ्यायची नाही. लिंबूपाण्याबरोबर घ्यावी, ती जास्त लागू पडते. लहान मुलांना तर चहा नकोच.

म्हणून अंगणवाडीताईंना आणि आशाताईंना माझी विनंती आहे, की पाड्यावर कोऱ्या चहाला नावं ठेवू नका, फक्त त्याची वेळ बदलायला सांगा. भाकर आधी, चहा तासाभराने. आणि जत्रेला, कामाला, सर्वेक्षणाला आमच्याकडे येणाऱ्यांनो, "कोराच हाय" असं कोणी संकोचून म्हणालं, तर "मला कोराच आवडतो" असं सांगा, आणि पेला रिकामा करून परत द्या.